लॉन्स तेच, मॅनेजर तोच, पावती मात्र 'आमची नाही'

लॉन्सच्या कमानीवर ज्याचं नाव असतं तो त्या जागेचा मालक असतोच असं नाही. पुष्कळदा रस्त्यालगतची एक-दोन एकर जमीन एखाद्या शेतकऱ्याची असते. ती कुणीतरी 'चालवायला' घेतो, हिरवळ लावतो, स्टेज बांधतो आणि लग्नं घेतो. यात गैर काही नाही. पण चालवणाऱ्याचा करार मार्चअखेर संपणार असताना तो एप्रिलच्या तारखांचे पैसे घ्यायला लागला, की ती फसवणूक होते. माझ्या भाचीच्या लग्नात नेमकं हेच झालं. नाशिकच्या वेशीवरचं लॉन्स होतं. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

2024 सालची लग्नसराई आठवत असेल. मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त, त्यामुळे बहुतेक पंचांगांत ऐन हंगामात मुहूर्तांचा दुष्काळ. सगळ्यांनी एप्रिलकडे धाव घेतली. तुळशीचं लग्न लागायच्या आतच बऱ्या कार्यालयांच्या एप्रिलच्या तारखा गेल्या होत्या. अशा वेळी गोरज मुहूर्ताची तारीख 'एकच शिल्लक आहे' असं कुणी सांगितलं की घरातली बायकामाणसं, गुरुजी, व्याही सगळे एकदम म्हणतात, घेऊन टाका. आमच्या दाजींनी तरी जागा दोनदा पाहिली. पार्किंग, वधूपक्षाच्या खोल्या, पाण्याची टाकी, स्वयंपाकाची शेड, सगळं व्यवस्थित होतं. तिथे त्याच दिवशी एक साखरपुडा चालू होता, त्यामुळे शंका घेण्यासारखं काही दिसलंच नाही.

भाडं ठरलं 1,80,000. विसार एक लाख. मग मॅनेजरने हळूच सांगितलं, "पक्कं बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी लागेल, साहेब. बत्तीस हजार उगाच वाढतील. साधी पावती देतो, रोख द्या." हे वाक्य प्रत्येक लॉन्सवर ऐकू येतं, आणि लग्नघरात बत्तीस हजार म्हणजे मानपानाच्या साड्या निघतात. पण या सवलतीची दुसरी बाजू बघा. पक्कं बिल नाही, म्हणजे पैसे नेमके कुणाच्या धंद्यात गेले याचा कागदच नाही. तुमचा कर वाचवतोय असं म्हणत तो स्वतःचं नाव वाचवत असतो. दाजींनी साठ हजार रोख दिले आणि चाळीस हजार फोनवरून पाठवले, तेही केवळ बँकेतून तेवढी रोकड काढली नव्हती म्हणून. पुढे आमच्या हातात जे काही राहिलं ते त्या चाळीस हजारांमुळेच. पैसे पाठवताना स्क्रीनवर लॉन्सचं नाव आलं नव्हतं, एका माणसाचं नाव आलं होतं. पावतीवर मात्र लॉन्सचा शिक्का आणि एक सही, एवढंच होतं. ना मालकाचं नाव, ना जीएसटी क्रमांक.

एप्रिल उजाडला. पहिली पत्रिका वणीला सप्तशृंगीच्या पायाशी ठेवून झाली होती, बाकीच्या गावोगाव गेल्या होत्या, प्रत्येकीवर त्या लॉन्सचा पत्ता. मांडववाला माप घ्यायला गेला आणि तिथूनच त्याचा फोन आला की कमानीवर बोर्ड वेगळाच आहे. आम्ही धावलो. नवीन नाव, नवीन रंग, टेबलामागे मॅनेजर मात्र तोच. त्याने आमची पावती उलटसुलट करून पाहिली, जणू असा कागद पहिल्यांदाच बघतोय. "ही जुन्या पार्टीची आहे. त्यांचा करार 31 मार्चला संपला. आमची नाही ही." आणि लगेच पुढे, "पण तुमची तारीख आम्ही धरून ठेवलीय. नवीन रेटने घ्यावी लागेल. अडीच लाख, पूर्ण आगाऊ."

दाजींचा तिथेच आवाज चढला. मला मात्र त्याच्या बोलण्यातली दुसरीच गोष्ट खटकली. जुन्या पार्टीशी यांचा काही संबंध नाही, मग आमची तारीख यांना कळली कशी? आणि ज्या एप्रिलमध्ये लोक सकाळचा हॉल मिळावा म्हणून हातापाया पडत होते, त्या एप्रिलमधली गोरज मुहूर्ताची संध्याकाळ यांनी रिकामी ठेवली ती कुणासाठी? तारीख आमच्यासाठीच ठेवली होती. पत्रिका वाटून झालेला माणूस जागा बदलू शकत नाही, तो रडतरखडत पुन्हा पैसे भरतो, हाच त्यांचा हिशेब. सगळा डाव पत्रिकांच्या जिवावर उभा होता.

जमीनमालक शेजारच्या मळ्यातच राहत होते. म्हातारे गृहस्थ, चहा पाजला, पण म्हणाले, "मी भाडं घेतो, लग्नं नाही घेत." कराराची प्रत त्यांनी दाखवली आणि दाजींनी फोटो काढू द्या म्हटल्यावर काढूही दिला. 11 महिन्यांचा करार, शेवटची तारीख 31 मार्च 2024.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणेच होतं, हा दिवाणी वाद आहे, वकील करा. उत्तर बदललं ते त्याच पावतीपुस्तकातल्या पावत्या घेऊन आणखी काही कुटुंबं आल्यावर. सगळ्यांच्या तारखा 31 मार्चनंतरच्या. फसवणुकीच्या गुन्ह्यात पैसे घेतानाच मनात खोट होती हे दाखवावं लागतं, आणि एरवी ते फार अवघड जातं. इथे कराराची तारीखच बोलत होती. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 420 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम 318 मध्ये आलं आहे.

आम्ही अडीच लाख दिले नाहीत. गोरज सोडून सकाळचा मुहूर्त काढला आणि पंचवटीतल्या एका लहान कार्यालयात लग्न लावलं. तिथे मोठ्या गाड्या उभ्या करायला जागा नव्हती आणि तीन वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता, त्यामुळे विहिणींची पंगत जरा घाईतच उठली. तिथेही भाड्याशिवाय जनरेटरचं डिझेल, साफसफाई, बाहेरचा आचारी आणला म्हणून ताटामागे आकार असं निघालंच, पण ते सगळं आधी लेखी दिलं होतं. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही, महागाई म्हणेन.

आता ज्यांचं बुकिंग व्हायचंय त्यांच्यासाठी. लॉन्स शहराबाहेर असेल तर गट नंबर विचारा आणि महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा पाहा. तो नुसता पाहायला पैसे पडत नाहीत, डिजिटल सहीचा हवा तर 15 रुपये. त्यावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं निघालं तर घाबरू नका, पण करार दाखवा म्हणा आणि त्याची शेवटची तारीख तुमच्या लग्नाच्या पुढची आहे का तेवढंच बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 तसंच सांगतं. तेव्हा 'करार तोंडी आहे' म्हणणाऱ्याकडून उठून या. जीएसटी क्रमांक 15 अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, दोन्ही दिसतं. विसार त्याच नावाच्या खात्यात द्या. करार संपला किंवा चालवणारा बदलला तर विसाराची जबाबदारी कुणाची, हे एक वाक्य पावतीवर लिहून घ्या, जमल्यास जमीनमालकाच्या सहीने. सही द्यायला तो का कू करू लागला, तर तेही एक उत्तरच समजा.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि जिल्हा ग्राहक आयोगात जावं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची असते, म्हणून 'पुढच्या महिन्यात देतो' यावर वर्ष घालवू नका.

आमच्या नोटिशीनंतर जुन्या पार्टीने चाळीस हजार परत केले. बँकेची नोंद होती, नाकारणार कसे? साठ हजारांबद्दल मात्र म्हणतात की पावतीवरची सही आमची नाही. ती कुणाची, हे आता आयोगापुढे ठरायचं आहे, आणि तिथे त्या मॅनेजरलाही बोलवा अशी मागणी आम्ही केली आहे.