चिलगोज्याच्या नावाखाली झालेली फसवणूक: वाई-जावळीकडच्या शेतकऱ्यांनी जरूर वाचा

जावळी, वाई, पाटणच्या डोंगराळ गावांत सध्या चिलगोज्याची रोपं विकणारे एजंट फिरतायत. चिलगोजा म्हणजे सुईसारख्या पानांचं हिमालयातलं एक पाइनचं झाड; त्याच्या शंकूतल्या बिया सुकामेवा म्हणून खातात. "थंड हवेचं झाड आहे, तुमची हवाही थंड आहे," एवढ्या एका वाक्यावर ते रोपं खपवतात. आमच्या थोरल्या चुलत्यांना, अण्णांना, त्यांनी असंच गाठलं.

माणूस बोलायला गोड. "अण्णा, उणे तापमानातसुद्धा मरत नाही हे झाड. महाबळेश्वरच्या थंडीत तर नाचेल. पाचव्या वर्षी माल सुरू, आणि माल आम्हीच उचलणार." चिलगोजा बाजारात किलोला काही हजार रुपयांनी विकला जातो, हे खरं आहे. ते खरं असल्यामुळेच पुढचं सगळं खरं वाटतं. अण्णांनी सोसायटीचं कर्ज बाजूला ठेवून रोपं घेतली, खड्डे काढले, शेणखत भरलं. जूनमध्ये लागवड झाली.

ऑगस्टपर्यंत सुया टोकाकडून तांबूस पडायला लागल्या. फोन केला तर उत्तर आलं, "काळजी करू नका, झाड झोपेत आहे. थंड प्रदेशातली झाडं अशीच सुया टाकतात." हे धादांत खोटं होतं. चिलगोजा सदाहरित आहे, विश्रांतीच्या काळातही तो हिरवाच राहतो. एक रोप उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली, बोटांत धरली की साल सुटून हातात येत होती. मुळकुज. दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळी रोपं गेली.

एजंट जे बोलला त्यातला अर्धा भाग खरा होता, आणि फसवणूक नेमकी तिथेच आहे. चिलगोजा थंडी सोसतो, पण हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवं की त्याला काय सोसत नाही. भारतात हे झाड मुख्यतः हिमाचलातल्या किन्नौरमध्ये आणि चंबा जिल्ह्यातल्या पांगीकडे वाढतं, साधारण १,८०० ते ३,३५० मीटर उंचीवर. मधल्या उंच रांगा पावसाळी ढग अडवतात, म्हणून तिकडे मोसमी पाऊस अगदी कमी पोचतो. पाण्याचा मोठा वाटा हिवाळ्यातल्या बर्फातून मिळतो. हवा कोरडी, जमीन खडकाळ, पाणी थांबतच नाही. ऊन त्याला चालतं, उन्हाळ्यातली कोरडी उष्णताही तो काढतो. दमट ऊब आणि मुळाशी साचलेलं पाणी मात्र त्याला मारतं.

आता महाबळेश्वर बघा. उंची १,४०० मीटरच्याही आत. पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि पावसाळ्यात कित्येक दिवस धुक्यामुळे कपडेसुद्धा वाळत नाहीत. वेण्णा तलावाजवळ एखाद्या पहाटे दव गोठलं की पेपरात फोटो येतो, म्हणजे ती गोष्ट आपल्याकडे बातमी होण्याइतकी दुर्मिळ आहे. किन्नौरच्या झाडाला लागतो तो महिनोन्‌महिने टिकणारा हिवाळा. आपली थंडी ओली आणि थोडी, त्याची कोरडी आणि लांब. "थंड हवेचं ठिकाण" या शब्दांत हा सगळा फरक बुजून जातो.

माण-खटावला पाऊस कमी म्हणून तिथे जमेल, असंही कुणी सांगेल. जमणार नाही. कोरडेपणा मिळाला तरी तो बर्फाळ हिवाळा तिथे कुठून येणार?

उताराच्या बांधावरची मोजकी रोपं मात्र तगली. त्यांच्या सुया वीतभर लांब होऊन खाली लोंबायला लागल्या. वनशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या प्राध्यापकांनी बघताच सांगितलं की हा चिलगोजा नव्हेच, हा चीड आहे, म्हणजे पाइनचीच दुसरी जात. चीड हिमालयाच्या खालच्या उतारांवर डोंगरच्या डोंगर व्यापून वाढतो, पार ५०० मीटरपासून. दोघांच्याही सुया तीन-तीनच्या झुबक्यात येतात, म्हणून एजंट "तीन सुया मोजून बघा" असं छातीठोक सांगतो. पण चिलगोज्याच्या सुया ताठ आणि सहा ते दहा सेंटिमीटरच्या, तर चीडच्या वीस ते तीस सेंटिमीटरच्या. म्हणजे अस्सल रोपं दिली असती तर ती मेलीच असती, आणि दिली ती अस्सलही नव्हती!

आणखी एक खूण. चिलगोजा फार सावकाश वाढतो, पहिल्या वर्षात जेमतेम काही इंच. गुडघ्याएवढं रोप दाखवून कुणी "वर्षाचं आहे" म्हणालं, तर पुढे ऐकूच नका. बियांपासून वाढलेल्या झाडाला शंकू धरायलाच वीसेक वर्षं लागतात, आणि शंकू पिकायला पुढचं वर्ष उजाडतं. "कलमी आहे" म्हणाला तर कलमाचा जोड बोटाने दाखवायला सांगा. अण्णांच्या रोपांवर जोड नव्हता.

माल उचलण्याच्या कराराचा कागद आम्ही वकिलांना दाखवला. त्यात "उत्तम प्रतीचा माल आल्यास" एवढंच लिहिलं होतं. भाव नाही, मुदत नाही.

अण्णा महिनाभर शेताकडे फिरकले नाहीत. त्या माणसाने पैशांबरोबर त्यांची उमेदही नेली, याचा मला जास्त राग आहे. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे, आमच्या वकिलांची भिस्त त्यावर आहे. तुमच्याकडेही अशी रोपं असतील तर मेलेली झाडं जाळू नका. पिशवी आणि लेबलासकट फोटो काढा, कृषी सहायकांकडून पंचनामा करून घ्या, पावती आणि फोनवरचे मेसेज जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे गेल्या पावसाळ्यात रोपं घेतलेल्यांना अजून वेळ आहे.