स्लोवर बंद पडणारी जीप आणि पावणेदोन लाखांचं ‘इंजिन काम’

जुनी पेट्रोल जीप रस्त्यावर नीट ओढतेय, घाट चढतेय, धूर मारत नाही. पण सिग्नलला उभी राहिली की धडधडून बंद पडते, आणि गॅरेजवाला म्हणतोय, ‘इंजिन काम निघालंय.’ अशी वेळ आली तर गाडी तिथं सोडून येऊ नका. याच एका वाक्यावर पुण्यातल्या एका गॅरेजनं माझ्याकडून पैसे काढले, जीपचा मूळ कार्बोरेटर गायब केला आणि धडधाकट इंजिन उघडायला घेतलं. खरा दोष होता मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरपासून इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळाच्या, पॅकिंगमधून चोरून आत शिरणारी हवा. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळं गॅरेजचं नाव लिहीत नाही. त्यांनी हे कसं केलं ते मात्र सगळं लिहितो.

जीप १९५१ची विलीज सीजे-थ्री-ए. महिंद्रांनी १९४९ साली मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या सुरुवातीच्या काळातली. इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ सीसी, साइड व्हॉल्व, साठ हॉर्सपॉवरचं. आमच्या कराड भागात अशा बहुतेक जीपांचं पेट्रोल इंजिन काढून लोकांनी डिझेल बसवलं. वडिलांनी ते केलं नाही. पेट्रोल परवडत नव्हतं तेव्हा गाडी शेडमध्ये उभी राहिली, पण इंजिन, गिअरबॉक्स, कार्बोरेटर सगळं विलीजचंच राहिलं. आज अशा गाडीला किंमत आहे, आणि तिच्यावर नजर ठेवणारेही आहेत.

आजार असा होता. सकाळी थंड असताना चोक ओढला की इंजिन छान चालायचं. गरम झालं, चोक आत ढकलला, की स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर, मागेपुढे करायचं, कार्बोरेटरमधून फट् फट् आवाज यायचा आणि बंद पडायचं. कार्बोरेटरचा एअर स्क्रू आत-बाहेर फिरवून काही फरक पडत नव्हता. प्लग काढले तर पांढुरके. आणि तीच गाडी खंबाटकी घाट कुरकुर न करता चढत होती.

या लक्षणांमध्येच उत्तर आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. पेट्रोल इंजिन हवा ओढतं, आणि ती हवा कार्बोरेटरमधूनच आली तर तिच्यात पेट्रोल मापानं मिसळतं. कार्बोरेटरच्या खाली, म्हणजे थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेच्या) पलीकडं, कुठंही फट असेल तर तिथून कोरडी हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं. शहाळ्याची नळी मध्ये चिरलेली असली की पाण्याबरोबर हवा तोंडात येते, तसंच. आता स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. आतली ओढ सगळ्यात जास्त आणि एकूण हवा सगळ्यात कमी, म्हणून बारीकशी फटही मोठा घोळ घालते. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडतो, ओढ कमी होते, कार्बोरेटरमधूनच भरपूर हवा येते आणि फटीतल्या हवेला किंमत राहत नाही. म्हणून दोष स्लोवर दिसतो आणि ओढीत नाहीसा होतो. चोक ओढल्यावर बरं वाटतं तेही याच कारणानं. चोकमुळं पेट्रोल वाढतं आणि फटीची भरपाई होते. रिंगा, बोअर, व्हॉल्व खरोखर गेले असते तर घाटात दम लागला असता, निळा धूर दिसला असता, ऑइल संपलं असतं. यातलं काहीच नव्हतं.

हे गॅरेजवाल्याला कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. भिंतीवर रॅलींचे फोटो, दारात दोन जुन्या फियाट, एक मॉरिस. मालकानं बॉनेट उघडून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, ‘कार्बोरेटर संपलाय साहेब. नवा बसवू.’ नवा म्हणून बसवला तो सोलेक्सच्या धाटणीचा नकली माल, खाली एक जाड पट्टी घालून. गाडी दिली तेव्हा स्लोवर चालत होती. चालणारच. या इंजिनाचा स्लो साधारण ६०० आरपीएम असायला हवा. यांनी थ्रॉटलचा स्क्रू आवळून तो हजाराच्या वर नेला होता आणि मिश्रण घट्ट करून ठेवलं होतं. प्लग काळे पडेपर्यंत हे सोंग टिकतं. जुना कार्बोरेटर मागितला तर, ‘तो स्क्रॅपमध्ये गेला, मागवून ठेवतो,’ असं उत्तर मिळालं. हा कार्टर कंपनीचा डब्ल्यूओ, या जीपचा मूळ कार्बोरेटर. त्याला शोधणारे लोक मोजतील ती किंमत देतात. तो स्क्रॅपमध्ये जात नाही.

महिन्याभरात गाडी पुन्हा बंद पडायला लागली, तेव्हा ‘आता खोलात बघावं लागेल’ म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी, झाली. तिचा व्हिडिओ मला फोनवर पाठवला. दोन सिलिंडरवर काटा अगदी खाली. सोबत कोटेशन: बोअरिंग, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व, गाइड, बेअरिंग, मजुरी, एकूण १ लाख ७५ हजार, साठ हजार ॲडव्हान्स. ॲडव्हान्स भरला आणि इंजिन उघडल्याचे फोटो आले.

तो व्हिडिओ मी नंतर नीट पाहिला. कॉम्प्रेशन घेताना इंजिन गरम असावं लागतं, चारही प्लग काढावे लागतात, बॅटरी भरलेली हवी, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा लागतो. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडर भरायला पुरेशी हवाच मिळत नाही, मग काटा वर जाणार कसा? व्हिडिओत एकच प्लग काढलेला होता, थ्रॉटलचा दांडा बंद दिसत होता आणि स्टार्टर रडत रडत फिरत होता. उरलेल्या दोन सिलिंडरचा आकडा बरा आला तो कसा, हे व्हिडिओ कापलेला असल्यामुळं कळलं नाही. हीच टेस्ट कुणी तुमच्यासमोर करत असेल तर एक माणूस ॲक्सिलरेटर दाबून बसलाय का, एवढं आधी बघा.

पण लबाडी पकडली गेली ती फोटोंमुळं. ‘तुमचे व्हॉल्व जळालेत’ म्हणून पाठवलेल्या फोटोत एक हेड उलटं ठेवलेलं होतं, त्यात आठ व्हॉल्व, दोन जळके, आणि बाजूला व्हॉल्व वरून दाबणाऱ्या रॉकर आर्मचा दांडा. आमच्या इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व नसतातच. साइड व्हॉल्व म्हणजे व्हॉल्व ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी उभे. वरचं हेड म्हणजे प्लगची भोकं असलेलं नुसतं झाकण. रॉकर तर सबंध इंजिनात कुठंच नाही. तो फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा होता. मग कोटेशन पुन्हा वाचलं, तर त्यात ‘डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स बदलणे’ असंही लिहिलेलं, म्हणजे मॅनिफोल्डच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणारा भाग. या जीपच्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम ॲडव्हान्स नसतो, आत फक्त वजनांवर चालणारा ॲडव्हान्स असतो. सगळ्या गाड्यांना एकच छापील कोटेशन चिकटवायचं, इतकं हे निबर काम.

मी पुण्याला गेलो. हेड खरंच काढलेलं होतं. खाली बोअर बघितले तर नखाला लागेल अशी कडसुद्धा नाही. मालक म्हणाला, ‘पोरानं चुकून दुसरा फोटो टाकला.’ मग माझ्या इंजिनाचे जळके व्हॉल्व दाखवा म्हटल्यावर आवाज चढला. शेवटी हेड परत बसवून घेतलं आणि गाडी टोचन करून कोल्हापूरला नेली. ‘उघडझाक मजुरी’ म्हणून ॲडव्हान्समधले पस्तीस हजार त्यानं ठेवून घेतले. कार्टर मिळाला नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरात एक वयस्कर मिस्त्री आहेत, डिस्पोजलच्या, म्हणजे लष्करानं विकून टाकलेल्या, जीपा दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी आधी मला बोलू दिलं, मग इंजिन चालू करून मॅनिफोल्डला व्हॅक्यूमचा मीटर लावला. काटा बारा इंचावर (ही ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतात), आणि स्थिर. ‘काटा नाचत न्हाई, बघा,’ ते म्हणाले. ‘व्हॉल्व गेला असता तर ठरावीक ठोक्याला खाली पडला असता. ह्यो नुसता खाली बसलाय. हवा वढतंय कुठनं तरी.’ ठिणगीचं टायमिंग मागं असलं तरी काटा असाच खाली बसतो, म्हणून त्यांनी ते आधी तपासलं. बरोबर होतं.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुस्तकांत चांगल्या इंजिनाला १७ ते २१ इंच लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी होतो. कोल्हापूर-पुण्याची उंची अठराशे फुटांच्या आसपास, म्हणजे इथं १६ इंचही चांगलं असू शकतं. ‘अठरा येत नाही, म्हणजे इंजिन संपलं’ असं कुणी मीटर दाखवून म्हणालं तर त्याला गावाची उंची विचारा.

मग शोध. वायपर या जीपला मॅनिफोल्डच्या ओढीवर चालतो. त्याची रबरी नळी आधी चिमटून धरली. फरक नाही. क्रँककेसची हवा ओढणारा व्हॉल्व मॅनिफोल्डला येतो, तो उघडा अडकला तरी असाच त्रास होतो. तो काढून भोक बंद केलं. फरक नाही. कार्बोरेटरखाली, त्या जाड पट्टीच्या जोडावर, ब्रशनं पाण्याचे थेंब सोडले, तर इंजिनाचा आवाज बदलला. एक जागा सापडली. पट्टीची भोकं फ्लँजला जुळतच नव्हती, पॅकिंगचा एक कोपरा मोकळा होता. म्हणजे पुण्याच्या गॅरेजनं जुनी गळती तशीच ठेवून वर स्वतःची एक नवी घातली होती. मग मॅनिफोल्ड आणि ब्लॉकच्या जोडावर तेलाच्या कॅननं तेल सोडलं. मागच्या टोकाला तेल आत ओढलं गेलं, इंजिन क्षणभर सरळ चाललं आणि सायलेन्सरमधून धूर आला. ती मूळ गळती.

बरेच जण हा शोध कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून घेतात. या इंजिनावर ते करू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकमेकांना बोल्टनं जोडलेले, एक्झॉस्ट तापून लाल व्हायच्या बेतात असतो, आणि फवारा त्याच्यावरच पडतो. मिस्त्रींनी एका जीपचं बॉनेट असं पेटलेलं पाहिलंय. पाणी आणि तेल पुरेसं असतं, घाई नसली की झालं.

मॅनिफोल्ड उतरवलं, सरळपट्टी धरली, तर मागच्या टोकाला फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) जाड पाती सहज शिरत होती. तापून-निवून ते वाकलं होतं. शेजारच्याच वर्कशॉपमध्ये तोंड सपाट करून घेतलं. बसवताना मिस्त्रींनी केलं ते कुठल्याही घाईच्या गॅरेजात मी पाहिलेलं नाही: इनटेक-एक्झॉस्ट जोडणारे चार बोल्ट त्यांनी आधी ढिलेच ठेवले, दोन्ही भाग ब्लॉकवर नट लावून बसू दिले, नट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळले, आणि मग ते चार बोल्ट कसले. आधीच कसले तर दोन्हींची तोंडं एका पातळीत येत नाहीत आणि नवं पॅकिंगही महिन्यात जातं. इंजिन गरम करून, निवू देऊन, नट पुन्हा आवळले.

नकली कार्बोरेटर काढून टाकला. मिस्त्रींकडं एक जुना कार्टर पडलेला होता, त्याच्या थ्रॉटलच्या दांड्याची भोकं झिजून लांबट झाली होती. तिथूनही हवा शिरते, म्हणून लेथवर भोकं मोठी करून पितळी बुश घातले. मीटर लावला तेव्हा काटा अठराला थांबला. एअर स्क्रू फिरवला की इंजिन लगेच ऐकू लागलं. मशीनिंग, बुश, पॅकिंग, मजुरी आणि तो जुना कार्बोरेटर धरून सगळा खर्च नऊ हजारांच्या आत.

ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांनी गप्प बसू नये. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं आधी तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझ्याकडं कोटेशन, पैसे पाठवल्याची नोंद, तो व्हिडिओ आणि व्हॉल्वच्या हेडचा तो फोटो आहे. मिस्त्रींनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं की या इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व नसतात. त्या एका कागदाचा माझ्या तक्रारीला सगळ्यात मोठा आधार आहे. गाडी कुठंही टाकताना इंजिन नंबर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो यांचे जवळून फोटो काढा आणि ‘काढलेले सर्व जुने भाग परत देणे’ हे वाक्य जॉबकार्डवर त्यांच्याकडून लिहून घ्या. जो लिहून देणार नाही, त्याच्याकडं गाडी ठेवू नका.

आणि एक विनंती. माझ्या कार्टरच्या झाकणावर स्क्रूखाली पितळी पट्टी आहे, तिच्यावर ६३६ एसए असा नंबर. तळाच्या फ्लँजचा एक कान पूर्वी तुटला होता, तो वडिलांनी पितळेनं जोडून घेतलाय. जोड घासून सपाट केलेला असला तरी बिडाच्या काळ्या रंगात पिवळी रेघ स्पष्ट दिसते. असा कार्बोरेटर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुठल्या जीपवाल्यांच्या गटात विकायला आला, तर तो कुठून आला हे विकणाऱ्याला विचारा आणि त्या कानाचा फोटो काढून ठेवा.