मुलांचा स्टीलचा गरम डबा: आठ महिन्यांनंतर, आणि ती रिंग

डबा अन्न गरम ठेवतो, यात वाद नाही. सकाळी सातला भरलेलं अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची खोबऱ्याची आमटी) साडेदहाच्या सुट्टीत वाफाळतं निघतं. मात्र आधी डब्यात उकळतं पाणी घालून, झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं, मग पाणी ओतून लगेच अन्न भरायचं. नाहीतर गार स्टीलच बरीच उष्णता खातं. अन्न 60 अंशांच्या खाली गेलं की जंतू वाढायला लागतात. भाताला तर जास्तच जपावं, त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत.

मे संपेपर्यंत माझे पाच तारे होते. जूनमध्ये दोन काढून घेतले, ते झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगमुळे. तिच्या खाचेत खोबऱ्याचा रस अडकतो आणि आपल्या पावसाळी हवेत लगेच काळे ठिपके धरतात. बांगड्याच्या हुमणाचा (खोबरं घातलेल्या कालवणाचा) वास तर धुऊनही जात नाही. रिंग रोज चमच्याच्या दांड्याने काढा. सुरी लावू नका, चीर पडली की रस दप्तरात. गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रिंग 20 मिनिटं बुडवा, खाच जुन्या टूथब्रशने घासा, आणि खडखडीत वाळल्याशिवाय बसवू नका. असं केल्यावर वास गेला, म्हणून एक तारा परत. पण रिंग सुटी मिळत नाही, 380 रुपयांचं अख्खं झाकण घ्या म्हणतात. बोटभर सिलिकॉनसाठी हे मला अजिबात पटत नाही.

दुसरी अडचण मापाची. पीएम पोषण, म्हणजे शाळेत दुपारचं जेवण देणाऱ्या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे दुपारच्या जेवणातून पाचवीपर्यंतच्या मुलाला 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीला 700 आणि 20 मिळायला हवीत. त्याच निकषातले मोठ्या मुलाचे 150 ग्रॅम तांदूळ शिजून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भात होतो, तो ह्या डब्यात मावत नाही. म्हणून भात कमी, कडधान्य जास्त: 80 ग्रॅम उकडे तांदूळ, 40 ग्रॅम सुके अळसांदे, तोणाकाचं खोबरं-तेल, एक उकडलेलं अंडं, एक केळं. हिशेब 700 च्या जवळ जातो, प्रथिनंही वीसच्या वर. अंडं सालासकट डब्याबाहेर ठेवा. लिंबाची फोड द्याच, अळसांद्यांतलं लोह त्याने अंगी लागतं. पोयी (गोव्याचा कोंड्याचा पाव) फडक्यात वेगळी, वाफेने ती चिवट होते.

डबा आपटला आणि भरल्यावर बाहेरून गरम लागू लागला, तर दोन भिंतींमधली हवा काढलेली, उष्णता अडवणारी पोकळी गेली समजा. ती दुरुस्त होत नाही.

चार तारे. घेण्याआधी दुकानात रिंग सुटी मिळते का ते विचारा.