स्वगत ऐकायचे तर उभ्याचे तिकीट काढावे : लंडनचे ग्लोब नाट्यगृह

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर, बँकसाइड भागात, शेक्सपिअरकालीन नाट्यगृहाच्या धर्तीवर बांधलेले ग्लोब १९९७ मध्ये खुले झाले. मूळ ग्लोब १५९९ मधले. १६१३ मध्ये प्रयोग चालू असताना उडवलेल्या तोफेने त्याचे गवती छप्पर पेटले आणि ते जळून गेले. नव्या इमारतीच्या लाकूडकामाबद्दल आणि तिच्या गवती छपराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे मला एकच गोष्ट तपासायची आहे, ती म्हणजे नाटकातले स्वगत ऐकण्याची जागा म्हणून हे नाट्यगृह कसे आहे.

संस्कृत नाट्यविचारात स्वगत हे ‘अश्राव्य’ मानले आहे. म्हणजे रंगमंचावरच्या इतर पात्रांनी ते ऐकायचे नसते, प्रेक्षकांनी मात्र ऐकायचे असते. शेक्सपिअरची स्वगतेही मराठीत फार पूर्वी आली; आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले ते १८८३ मध्ये. पण आपण स्वगत ऐकत आलो ते अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसून. एकट्या नटावर प्रकाशझोत पडलेला असतो, त्याची नजर आपल्या डोक्यांवरून पलीकडे कुठे तरी लागलेली असते, आणि आपण जणू भिंतीआडून ऐकत असतो. त्यामुळे स्वगत म्हणजे माणसाचे स्वतःशीच चाललेले बोलणे, असा समज आपल्या मनात पक्का बसला आहे.

ग्लोबच्या अंगणात तो समज टिकत नाही. उघड्या आभाळाखालच्या या अंगणात प्रेक्षक तिन्ही बाजूंनी रंगमंचाला भिडून उभे असतात, दुपारच्या खेळात नट आणि प्रेक्षक एकाच उन्हात असतात, आणि रात्रीच्या खेळातही दिवे दोघांवर पडतील असेच ठेवण्याची येथली रीत आहे. नटाला आपले चेहरे दिसतात, आणि ते दिसत असताना न दिसल्यासारखे करणे त्याला फार वेळ जमत नाही.

‘हॅम्लेट’च्या दुसऱ्या अंकाअखेरच्या स्वगतात राजपुत्र विचारतो, ‘मी भेकड आहे का? मला नीच कोण म्हणतो? माझी दाढी उपटून माझ्याच तोंडावर कोण उडवतो?’ पुस्तकात हे प्रश्न आत्मनिंदेचे अलंकार वाटतात. मी पाहिलेल्या प्रयोगात नट रंगमंचाच्या कडेला उकिडवा बसला आणि पहिला प्रश्न त्याने रेनकोट घातलेल्या एका गृहस्थांना विचारला. गृहस्थांनी भांबावून मान हलवली. नट उत्तराची वाट पाहत थांबला आणि पुढचे वाक्य त्याने त्या नकारावर विश्वास न बसल्यासारखे उच्चारले. पाठांतर तेच, शब्द तेच. पण भाषणाचा संवाद झाला. स्वगताला ऐकणारा लागतो, हे मला इतक्या स्पष्टपणे एरवी कोठेच जाणवले नव्हते.

‘जगावे की मरावे’ हे सर्वांत प्रसिद्ध भाषण मात्र येथे वेगळेच वळण घेते. त्याच्या मूळ इंग्रजीत ‘मी’ एकदाही येत नाही, जे बोलणे आहे ते सगळे ‘आपण’चे; शिवाय त्या वेळी राजा आणि त्याचा मंत्री पोलोनियस आडोशाला दडलेले असतात, मंत्र्याची मुलगी ऑफेलियाही जवळपासच असते. उघड उजेडात, शेकडो लोकांना उद्देशून ते बोलले गेले की एकट्याच्या वेदनेपेक्षा जाहीर युक्तिवाद अधिक ऐकू येतो. मला ते पटले. ज्यांच्या मनात ‘नटसम्राट’मधल्या बेलवलकरांचा कंठ घर करून आहे, त्यांना ते कोरडे वाटण्याचा संभव आहे.

उणिवाही आहेत. रंगमंचावरचे दोन जाड खांब ऐन वेळी नटाला झाकतात आणि वरून विमान गेले की एखादे वाक्य वाहून जाते. कुजबुजीच्या जवळ जाणारी स्वगते, उदाहरणार्थ मॅकबेथला हवेत खंजीर दिसतो ते, या मोकळ्या जागेत विरघळतात. त्यासाठी याच आवारातले, २०१४ मध्ये सुरू झालेले सॅम वानामेकर प्लेहाउस अधिक चांगले. ते लहान, बंदिस्त आणि मेणबत्त्यांनी उजळणारे आहे.

तिकिटाबद्दल थोडेसे. अंगणातले उभ्याचे तिकीट अनेक वर्षे ५ पौंडांना मिळत असे आणि आजही लंडनच्या नाटकांत ते स्वस्तच म्हणावे लागेल. त्या बदल्यात तीन तासांच्या आसपास उभे राहावे लागते, खाली बसू देत नाहीत आणि पावसातही छत्री उघडता येत नाही. गुडघ्यांची तक्रार असेल तर सज्जातला बाक घ्यावा. तो लाकडी आणि कठीण असल्यामुळे भाड्याची उशी मात्र जरूर घ्यावी. बाकी सर्वांनी लवकर जाऊन रंगमंचाच्या कडेला जागा धरावी, म्हणजे कोपरे टेकता येतात. पहिल्या भेटीसाठी ‘हॅम्लेट’पेक्षा ‘तिसरा रिचर्ड’ लागला असेल तर तो निवडावा, कारण त्यातला खलनायक पहिल्याच भाषणात आपले बेत प्रेक्षकांना सांगून टाकतो आणि पुढचे दोन-तीन खून होईपर्यंत अंगणातली मंडळी त्याच्याच बाजूने हसत असतात.