कोणत्या जगात मुक्काम करावा? पाच ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम्सचा तुलनात्मक आढावा

नवा एमएमओआरपीजी (असंख्य खेळाडू एकाच जगात एकत्र खेळतात असा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम) निवडू पाहणाऱ्याला बहुतेक वेळा तीन गोष्टी सांगितल्या जातात: ग्राफिक्स कसे आहेत, लढाई कशी वाटते आणि गेम फुकट आहे की नाही. पहिल्या आठवड्यापुरती ही माहिती पुरते. मात्र एकदा रमलेला माणूस या गेममध्ये वर्षे घालवतो. तेवढ्या काळात ग्राफिक्सची सवय होते, लढाईतील बटणे हाताला आपोआप सापडू लागतात आणि फुकट म्हणून घेतलेल्या गेमवर किती पैसे गेले याचा हिशेब ठेवणे आपण सोडून दिलेले असते. टिकून राहणारे प्रश्न वेगळे आहेत. समोरून अनोळखी खेळाडू येताना दिसला, तर बरे वाटते की धास्ती वाटते? काही महिने खंड पडला, तर परत आल्यावर आपले काय शिल्लक असते? आणि जे कमावले ते गमावण्याची शक्यता कितपत खरी आहे? माझ्या मते आदर्श गेम याच तीन कसोट्यांवर शोधावा लागतो. अडचण एवढीच, की तिसऱ्या कसोटीवर खरा उतरणारा गेम पहिल्या कसोटीवर बहुधा मार खातो.

तुलनेसाठी येथे ईव्ह ऑनलाइन (२००३), वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४), गिल्ड वॉर्स २ (२०१२), ओल्ड स्कूल रूनस्केप (२०१३) आणि २०१३ मध्ये नव्या रूपात आलेला फायनल फँटसी १४ हे पाच गेम घेतले आहेत. नव्या गेम्सना जाणूनबुजून बाजूला ठेवले आहे. या प्रकारात मालकाने सर्व्हर बंद केला की जगच नाहीसे होते: स्टार वॉर्स गॅलक्सीज डिसेंबर २०११ मध्ये, सिटी ऑफ हीरोज नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि गाजावाजा करून आलेला वाइल्डस्टार अवघ्या चार वर्षांत, २०१८ मध्ये बंद झाला. दहा वर्षे तग धरणे ही गुणवत्तेची हमी नसली, तरी आपला वेळ गुंतवणाऱ्यासाठी ती किमान अट असावी.

अनोळखी खेळाडू: सोबती की स्पर्धक

१९९९ मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्टमध्ये एखादा दुर्मीळ राक्षस जिथे प्रकट होतो ती जागा खेळाडूंचे गट अडवून बसत आणि नंतर येणाऱ्याला आपली पाळी येईपर्यंत ताटकळावे लागे. दुसरा माणूस दिसणे म्हणजे आपला वाटा कमी होणे, हे गणित पुढे अनेक गेम्सनी तसेच चालू ठेवले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या वर्षांतही ज्याचा पहिला घाव बसेल त्याचीच लूट, असा नियम होता.

गिल्ड वॉर्स २ ने हे गणित मुळापासून बदलले, आणि ते ज्या बारकाईने बदलले त्याचे मला आजही कौतुक वाटते. डोंगराच्या कडेला लोखंडाची खाण दिसली आणि आपल्याआधी कोणी ती खणून गेला, तरी आपल्यासाठी ती तशीच भरलेली असते, कारण प्रत्येक खेळाडूचा साठा वेगळा मोजला जातो. शत्रूवर पुरेसा मारा केलेल्या प्रत्येकाला स्वतंत्र लूट मिळते. एखादा खेळाडू कोसळला, तर जवळून जाणारा कोणीही त्याला उभे करू शकतो आणि त्याबद्दल त्यालाही अनुभवाचे गुण मिळतात. गावावर हल्ला झाला की वाटेवरचे लोक न बोलावता जमतात, आणि माणसे वाढतील तसा हल्लाही तीव्र होत जातो. स्वार्थ आणि सौजन्य या दोन्ही वाटा येथे एकाच दिशेने जातात.

याची दुसरी बाजूही आहे. मदत इतकी सोपी झाली की ती करताना बोलण्याची गरज उरली नाही. पन्नास जण मिळून एक अजस्र ड्रॅगन पाडतात आणि पाचव्या मिनिटाला, एकमेकांचे नावही न वाचता, पन्नास दिशांना निघून जातात.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. डिसेंबर २००९ पूर्वी डन्जनसाठी (छोट्या गटाने मिळून पार करायच्या बंदिस्त मोहिमेसाठी) गट जमवायचा, तर शहरात उभे राहून टँक (शत्रूचे घाव अंगावर घेणारा) किंवा हीलर (सोबत्यांना बरे करणारा) हवा असल्याचे पुकारावे लागे, मग सर्वांनी प्रवास करून दारापर्यंत पोहोचावे लागे. यात अर्धा-पाऊण तास सहज जाई. पण त्याच सर्व्हरवरची तीच माणसे पुन्हा भेटत असल्यामुळे कोण भरवशाचा आणि कोण लूट घेऊन पळणारा, हे सर्वांना ठाऊक असे. डन्जन फाइंडर आल्यावर एका बटणावर वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण एकत्र येऊ लागले. वेळ वाचला, आणि उद्धटपणाची किंमत शून्यावर आली, कारण तो माणूस पुन्हा भेटणारच नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये जुन्या नियमांचा क्लासिक सर्व्हर ही सोय वगळून सुरू झाला, तेव्हा त्यावर लांबच लांब रांगा लागल्या. त्या गर्दीत स्मरणरंजनाचा भाग मोठा होता हे खरे, पण जुन्या गैरसोयीतून मिळणारी ओळख लोकांना हवी होती, हेही तितकेच खरे.

या दोन टोकांमधला सर्वांत शहाणा मार्ग मला फायनल फँटसी १४ चा वाटतो. येथेही गट आपोआप जुळतो, परंतु गटातील एखाद्याने ते डन्जन पूर्वी पूर्ण केलेले नसेल, तर शेवटी इतरांना जादा बक्षीस मिळते. त्यामुळे नवख्याला पाहून कपाळाला आठ्या पडण्याऐवजी आनंद होतो. डन्जन संपल्यावर प्रत्येकाला एका सहकाऱ्याला शाबासकी देता येते. शिवाय अनुभवी खेळाडूंना रोजच्या बक्षिसापोटी जुन्या डन्जनमध्ये, तिथल्या पातळीवर उतरवून, परत पाठवले जाते. परिणामी आज सुरुवात करणाऱ्यालाही दहा वर्षांपूर्वीचा मजकूर ओस पडलेला सापडत नाही. जुन्या एमएमओमध्ये उशिरा शिरणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची सोय दुसरी नाही.

खंड पडल्यावर

नोकरी, परीक्षा, आजारपण किंवा निव्वळ कंटाळा यांमुळे प्रत्येकाचा खेळ कधी ना कधी थांबतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची रचना येथे सर्वांत कठोर आहे. साधारण दोन वर्षांनी नवे एक्सपान्शन (गेमचा विस्तार) येते, कमाल लेव्हल वाढते, आणि महिनोन्महिने रेड (मोठ्या गटाने मिळून करायच्या अवघड चढाया) करून मिळवलेले चिलखत नव्या प्रदेशातील किरकोळ क्वेस्टच्या (कामगिरीच्या) बक्षिसापुढे फिके पडते. आकडे इतके फुगत गेले की ऑक्टोबर २०२० मध्ये १२० ची कमाल लेव्हल ५० वर आणावी लागली. या शिडीवर चढण्यात मजा नाही असे मी म्हणणार नाही. रेडच्या बॉसची आखणी आजही याच गेमची सर्वोत्तम मानली जाते. मात्र येथे मिळवलेली गोष्ट आपल्याकडे भाड्याने असते, हे समजूनच उतरावे.

गिल्ड वॉर्स २ मध्ये याच्या नेमके उलट आहे. लेव्हल ८० ही कमाल मर्यादा २०१२ पासून बदललेली नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणलेल्या श्रेणीपेक्षा वरचढ आकड्यांची शस्त्रे नंतर आलेली नाहीत. पाच वर्षांनी परतलेल्याचे चिलखत आजही चालते. प्रगती आडवी होत जाते: नवे प्रदेश, स्वारीचे प्राणी, नव्या क्षमता. ज्यांना वाढते आकडे पाहूनच समाधान मिळते, त्यांना मात्र हा गेम काही आठवड्यांत निर्हेतुक वाटू लागतो.

ओल्ड स्कूल रूनस्केपमधील कौशल्येही गंजत नाहीत, पण ती मिळवण्याची चाल मुंगीची आहे. लेव्हल ९९ ला १ कोटी ३० लाखांहून अधिक गुण लागतात आणि ९२ वर पोहोचलेला खेळाडू गुणांच्या हिशेबाने जेमतेम निम्म्या वाटेवर असतो! एवढा ग्राइंड (तेच ते काम पुन्हा पुन्हा करणे) असूनही लोक टिकतात, कारण दुसरे काही करता करता तो खेळता येतो. तेच खाते २०१८ पासून मोबाइलवरही चालते, आणि गेमचे घड्याळ दर ०.६ सेकंदाला एक ठोका टाकत असल्यामुळे बऱ्यापैकी वाईट पिंगवरही (सर्व्हरकडून उशिरा प्रतिसाद येत असला तरी) काम भागते. शिवाय मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाने ठरतात आणि त्यासाठी साध्या बहुमतापेक्षा बरेच जास्त मत लागते. गेम आपल्या पाठीमागे बदलून जाईल ही भीती येथे सर्वांत कमी आहे.

फायनल फँटसी १४ चे निर्माता-दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी खेळाडूंनी अधूनमधून थांबावे, दुसरे गेमही खेळावेत, असे जाहीरपणे सांगितलेले आहे. कथा आपण सोडली तेथेच थांबलेली असते आणि एकाच पात्राला सर्व क्लास (पेशे) शिकता येतात. फक्त गेममध्ये घर घेऊ नये, कारण ४५ दिवस त्यात पाऊल न टाकल्यास ते पाडले जाते, आणि त्या भीतीने सबस्क्रिप्शन सोडवत नाही.

गमावण्याची किंमत

ईव्ह ऑनलाइनचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो. आइसलँडमधील सीसीपी या कंपनीचा हा अंतराळातील गेम चीनमधील स्वतंत्र सर्व्हर सोडला, तर जगभरच्या खेळाडूंना एकाच विश्वात ठेवतो. येथे कौशल्ये खऱ्या घड्याळाप्रमाणे, आपण लॉग-आउट असतानाही वाढत राहतात. पण जहाज फुटले की ते फुटले. विम्याचे थोडे पैसे हाती येतात, जहाजावरील काही सामग्री अवशेषांत शिल्लक राहते आणि ती सहसा मारणाराच उचलतो. जवळजवळ प्रत्येक जहाज कोणीतरी खनिजे काढून, वाहून नेऊन, बांधून विकलेले असते. म्हणून रोजची नासधूस हीच कारागिरांची मागणी ठरते आणि बाजार जिवंत राहतो. ज्या गेममध्ये तलवार कधी मोडत नाही, तेथे लोहाराचा धंदा पहिल्या काही महिन्यांतच बसतो, हे अनेक डिझायनरांना उशिरा उमगते.

२७ जानेवारी २०१४ रोजी बी-आर५आरबी नावाच्या तारामंडळात काय घडले, ते या रचनेचे टोक आहे. खेळाडूंच्या एका युतीकडून ताबा राखण्याचे ठरावीक देयक भरले गेले नाही, मंडळ मोकळे झाले आणि दोन्ही बाजूंची आरमारे धावून आली. सुमारे २१ तास चाललेल्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे बांधायला महिने लागणारी सर्वांत मोठी जहाजे, नष्ट झाली. खऱ्या पैशांत नुकसानीचा अंदाज सुमारे ३ लाख डॉलर इतका केला गेला. इतर कोणत्याही गेममध्ये एका विसरलेल्या देयकातून असा इतिहास घडणार नाही. तथापि सर्व्हरवर भार वाढला की ईव्हमध्ये काळाची गती मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत मंदावते, आणि तेथे प्रत्यक्ष हजर असलेल्यांनी त्या ऐतिहासिक रात्रीचा मोठा भाग तोफ पुन्हा सज्ज होण्याची वाट पाहण्यात काढला. ईव्हच्या कथा वाचायला जितक्या थरारक असतात, तितक्या त्या जगायला असतीलच असे नाही.

नुकसान खरे असले की अनोळखी माणूस धोका ठरतो, हे १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनच्या वेळीच दिसून आले होते. तेथे रस्त्यावरच्या खुनांनी नवे खेळाडू इतके हैराण झाले की २००० मध्ये जगाची दोन रूपे करावी लागली, एक सुरक्षित आणि एक जुन्या नियमांचे, आणि बहुसंख्य लोक सुरक्षित जगात राहायला गेले. गिल्ड वॉर्सचे सौजन्य आणि ईव्हचे वजन एकाच जगात आणणारा गेम अजून झालेला नाही. तो होईल असेही मला वाटत नाही, कारण दोन्हींची मुळे परस्परविरोधी नियमांत आहेत.

पैसा आणि निवड

पैशांच्या बाबतीत निर्मळ कोणीच नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट मासिक वर्गणी घेतो आणि २०१५ पासून टोकनमार्फत गेममधले सोने विकत घेण्याची वाटही देतो; ईव्हमध्ये प्लेक्स आणि गिल्ड वॉर्स २ मध्ये जेम्स हेच काम करतात. गिल्ड वॉर्स २ ला मात्र वर्गणी नाही, आणि जेम्समधून सोने घेतले तरी सर्वोत्तम शस्त्रांच्या आकड्यांची मर्यादा सर्वांसाठी एकच असल्याने ते इतरांना फारसे बोचत नाही.

आठवड्यातून चार-पाच तासच मिळणाऱ्या आणि एकट्याने खेळणाऱ्या माणसाने गिल्ड वॉर्स २ घ्यावा, यात मला शंका नाही. कथा हवी असेल आणि सुरुवातीचा संथ भाग सोसण्याची तयारी असेल, तर फायनल फँटसी १४. ठरलेल्या रात्री जमणारे मित्र आधीपासून असतील, तर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या रेडला तोड नाही. ते नसतील तर तो टाळावा. कामाच्या अधेमधे काहीतरी चालू ठेवायचे असेल, तर रूनस्केप. ईव्ह मात्र एखाद्या कॉर्पोरेशनमध्ये (खेळाडूंच्या संघटनेत) शिरल्याशिवाय खेळूच नये.

मोफत चाचणीवरून निर्णय घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फायनल फँटसी १४ ची चाचणी लेव्हल ७० पर्यंत, वेळेच्या मर्यादेविना चालते, पण तिच्यात गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या संघात) जाता येत नाही, स्वतः गट काढता येत नाही आणि बाजारही बंद असतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या लेव्हल २० पर्यंतच्या मोफत खात्यालाही गिल्डचे दार बंदच असते. म्हणजे ज्यासाठी हे गेम घ्यायचे, तोच भाग चाचणीत झाकलेला राहतो, आणि एकदा पैसे भरल्यावर फायनल फँटसीत चाचणीच्या खात्याकडे परतही जाता येत नाही. ईव्हचे मोफत खाते याला अपवाद आहे. त्यात कौशल्ये मर्यादित असली, तरी कॉर्पोरेशनमध्ये पहिल्या दिवसापासून जाता येते आणि तेथील अनेक मोठ्या संघटना नवख्यांना पहिली जहाजे स्वतःच्या खर्चाने देतात.