बिननावाचं ३१३ चासी किट: सांगाडा घ्या, बाकीचं आपलं आपण बघा

निकाल आधीच सांगून टाकते. तयार गाडी नको, रॉक क्रॉलर, म्हणजे दगडांवरून सावकाश चढणारी रिमोटवरची छोटी गाडी, स्वतःच्या हाताने बांधायचीय, असं ज्यांचं पक्कं ठरलंय त्यांनी ३१३ मिलिमीटर व्हीलबेसचं (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) हे धातूचं चासी किट जरूर घ्यावं. मात्र त्यातले स्क्रू, बेअरिंग, टायर आणि फोम पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवायची तयारी हवी. खोक्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. आत माहितीपुस्तिका नाही. सुटे भाग दाखवणारं एक चित्र आहे, आणि त्यातही पुढच्या खालच्या लिंक (ॲक्सल चासीला जोडणारे दांडे) मागच्या जागी दाखवल्यात.

अशी किट बरीच मिळतात आणि त्यांचा साचा एकच, ॲक्सिअल कंपनीची २०१६ साली आलेली एससीएक्स-टेन टू ही गाडी. सी आकाराचे पोलादी रेल, मध्ये ट्रान्सफर केस (फिरकी पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी), हाय पिनियन ॲक्सल (ज्यात फिरकी आणणारा दांडा वरच्या बाजूने शिरतो), १.९ इंचाचे रिम. नकलेला नाक मुरडणारे मुरडोत, मला यात सोय दिसते. मापं तीच असल्यामुळे निम्म्या बाजाराचे सुटे भाग यावर बसतात. उद्या हा बिननावाचा कारखाना बंद पडला तरी माझी गाडी अडून राहणार नाही.

शिवणयंत्रं दुरुस्त करणं हा माझा पेशा. त्यामुळे गिअर दातात दात घालून नीट बसलाय की नुसता ओढूनताणून फिरतोय, हे कानाआधी बोटांना कळतं. या किटचे ॲक्सल हातात घेतले तेव्हा पहिली शंका तिथेच आली. हाउसिंगचं काम देखणं आहे, कडा साफ, बेअरिंगची बैठक घट्ट. पण आत ग्रीसचा थेंब नाही, आणि इनपुट शाफ्ट फिरवला की एका फेऱ्यात एकाच ठिकाणी जड लागतो. पुढचा ॲक्सल उघडून पाहिला तर रिंग गिअर (आतला मोठा गोल गिअर) एका बाजूला जरा जास्त सरकलेला. एका बाजूची ०.२ मिलिमीटरची शिम (पातळ चकती) काढून दुसऱ्या बाजूला घातली, पुन्हा फिरवला, मग ०.१ ची अजून एक. शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला की केसभर ढिला लागायला हवा आणि पूर्ण फेऱ्यात कुठेही अडता कामा नये. हे काम कंटाळवाणं आहे, पण ॲक्सलचं आयुष्य इथेच ठरतं. मागच्या ॲक्सलला मात्र काहीच करावं लागलं नाही. एकाच खोक्यातले दोन ॲक्सल, एक जमलेला, एक न जमलेला. बिननाव मालाचं हे असंच असतं.

दोन्ही ॲक्सल लॉक केलेले येतात, म्हणजे डावं-उजवं चाक कायम एकाच वेगाने फिरतं. साध्या गाडीत डिफरन्शियल लागतं, इथे ते नडतं. एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल सगळी फिरकी त्याच चाकाला देऊन मोकळं होतं आणि दगडावर टेकलेलं चाक गप्प बसतं. लॉक केल्याची किंमत वळताना मोजावी लागते, गाडी रुंद वळते. ट्रॅक्सास कंपनीने २०१७ च्या टीआरएक्स-फोरमध्ये यावर उत्तर काढलं, रिमोटवरून डिफरन्शियल लॉक करा, हवं तेव्हा सोडा. शिवाय त्या गाडीला पोर्टल ॲक्सल आहेत. चाकाजवळ गिअरची एक जास्तीची जोडी असते, त्यामुळे ॲक्सलचा मधला गोळा वर उचलला जातो आणि दगडाला कमी अडतो. फिरकीची शेवटची कपात चाकापाशीच होत असल्याने ड्राइव्हशाफ्टवर (ॲक्सलपर्यंत फिरकी नेणाऱ्या दांड्यावर) जोरही कमी येतो. आमच्या या किटचा ॲक्सल सरळ आहे. गोळा खाली लोंबतो, दगडाच्या टोकावर बसतो. पण गिअर कमी, आवाज कमी, उघडझाप सोपी. गाडी बांधण्यातच ज्याला मजा आहे त्याला सरळ ॲक्सल जास्त शिकवतो, असं माझं मत. दगडांतून चाकाची रेघ शोधून काढावी लागते, रेघ चुकली तर पोर्टल ती चूक बऱ्याचदा पोटात घालतो.

रेल काचेवर ठेवून पाहिले, जरासुद्धा डुलत नाहीत. भोकांच्या कडांना बारीक बर (धातूचा खरखरीत कंगोरा) आहे, कानस फिरवली की जातो. लिंकचे रॉड एंड (टोकाचे सांधे) प्लास्टिकचे आहेत आणि ते तसेच असू द्यावेत. धातूचे घातले की आठवड्याभरात खुळखुळायला लागतात.

स्क्रूंबद्दल मात्र चार शब्द जास्त बोलणार आहे. खाच इतकी मऊ की १.५ मिलिमीटरची चांगली ॲलन की लावूनही ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, पूर्ण आत जाणारे) गोल होतात. ड्राइव्हशाफ्टच्या कपात असा एक स्क्रू गोल झाला की तो ड्रिलने काढण्यात संध्याकाळ जाते. सगळे एम३ स्क्रू वेगळे मागवा. धातूत धातू जातो तिथे निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद), एक थेंब पुरतो. प्लास्टिकला ते लागू देऊ नका, काही प्लास्टिकं त्याने ठिसूळ होऊन तडकतात. लाल थ्रेडलॉक घरात आणूच नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही.

आता मुख्य तक्रार. जाहिरातीत ‘पूर्ण धातूचं’ असं अभिमानाने लिहिलंय, आणि नेमकं तेच या किटचं दुखणं आहे. गिअरबॉक्सची केस ॲल्युमिनियमची, शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक अडकवायचे खांब) ॲल्युमिनियमचे, बॉडीचे खांब ॲल्युमिनियमचे, बॅटरीचा ट्रेसुद्धा. हे सगळं वजन वर आहे. क्रॉलरला वजन हवं, पण ते खाली, चाकांच्या मधल्या रेषेच्या जमेल तितकं जवळ, आणि पुढच्या बाजूला जास्त. चढावर गाडीचं वजन आपोआप मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी पाठीवर पडते. म्हणून सपाटीवर पुढे जवळपास साठ टक्के वजन असावं असं क्रॉलरवाले मानतात.

मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पुढची दोन चाकं काट्यावर, मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर, आकडा लिहायचा, मग उलट. किटमध्ये आलंय तसं जोडलं तेव्हा पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं भरलं. मग बॅटरीचा ट्रे काढून टाकला, छोटी थ्री-सेल बॅटरी पुढच्या ॲक्सलच्या वर, रेलच्या आत आडवी बसवली. पुढचे नकल (चाकं वळवणारे सांधे) आणि डिफ कव्हर (ॲक्सलच्या गोळ्यावरचं झाकण) जड पितळेचे घातले. शॉक टॉवर प्लास्टिकचे केले, होय, धातू काढून प्लास्टिक. बॉडी पॉलीकार्बोनेटची निवडली, आतून रंगवायची असते ती. जाड एबीएस प्लास्टिकची बॉडी दिसते झकास, पण छपरावर ठेवलेली ती वीट आहे. आता पुढे अठ्ठावन्न टक्के भरतं. ज्या उतरत्या फळीवर गाडी आधी आडवी व्हायची, तिथे आता आणखी एक वीट फळीखाली घातल्यावर तोल जातो.

पितळ कितीही घालता येतं, पण चाकात घातलेलं पितळ फिरवायला मोटरला आणि वळवायला सर्व्होला (स्टीअरिंगच्या छोट्या मोटरला) मेहनत पडते. रिमच्या आत पितळी कडी घालणारे लोक नंतर सर्व्हो जळाला म्हणून रडतात.

शॉक दिसायला सुंदर, कामात मध्यम. स्प्रिंग या वजनाला फारच कडक. गाडी टेबलावर ठेवली की स्वतःच्या वजनाने शॉक निदान एक तृतीयांश दबला पाहिजे, म्हणजे खळगा आला की चाकाला खाली उतरायला वाव राहतो. यातले जेमतेम हलतात. मऊ स्प्रिंग घातल्या, तेल ३० वेटचं भरलं, रॉडच्या सीलला थोडं ग्रीस लावलं तेव्हा गळणं थांबलं. मऊ केल्यावर एक नवीन गोष्ट दिसायला लागते. जोरात थ्रॉटल दिला की चासी एका कुशीवर झुकते. ड्राइव्हशाफ्टच्या फिरकीची ती उलट प्रतिक्रिया. ज्या बाजूला झुकते तिथली स्प्रिंग एक नंबर कडक करून मी तिला बऱ्यापैकी ताळ्यावर आणलंय. पूर्ण जात नाही, सरळ ॲक्सलवाल्यांनी तेवढं चालवून घ्यायचं.

टायर. यावर पैसे वाचवायचे नाहीत, बाकी कुठेही वाचवा. खोक्यातल्या टायरचा रबर नखाने दाबला तर खूण उठत नाही, म्हणजे दगडावर तो पकडणार नाही, घसरणार. आतला फोम बोटभर पाण्यात बुडवलेल्या स्पंजाइतका ढिला, गाडी ठेवली की टायर बसका होतो आणि कडेच्या उतारावर रिमखाली दुमडतो. मी मऊ रबराचे १२० मिलिमीटर व्यासाचे टायर घेतले आणि आत दोन थरांचा फोम, बाहेर मऊ, रिमजवळ टणक. बाहेरचा मऊ थर दगडाच्या आकाराला वळतो, आतला टणक थर टायरला उभं धरतो. फोमची बाहेरची कड कात्रीने तिरकी छाटली की कडेचे दात मोकळे वाकतात. टायरला किंवा रिमला हवा सुटायला भोकं आहेत ना ते बघा, नसतील तर टायर फुगलेल्या फुग्यासारखा उडी मारतो. बीडलॉक रिम मात्र किटमधलेच वापरले, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. टायर चिकटवावा लागत नाही, स्क्रू काढा, फोम बदला, पुन्हा कसा. प्रयोग करणाऱ्याला हेच हवं.

इलेक्ट्रॉनिक्स किटमध्ये येत नाही आणि ते बरंच आहे. मी ५४० साइझची ३५ टर्नची (आतल्या तारेच्या वेढ्यांची) ब्रश मोटर घेतली. टर्न जितके जास्त तितका वेग कमी आणि हळू चालवताना ताबा जास्त. तिच्या जोडीला हॉबीविंग कंपनीचा क्विकरन १०८० हा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग ताब्यात ठेवणारं सर्किट. या ईएससीमुळे गाडीचा स्वभाव बदलला असं मी सरळ म्हणेन. त्याचा ड्रॅग ब्रेक (ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) सेटिंगच्या कार्डवरून हवा तेवढा वाढवता येतो. पूर्ण वाढवला की ट्रिगर सोडल्या क्षणी गाडी उभ्या चढावर जागच्या जागी थांबते. बोट काढून चहूबाजूंनी वाकून बघा, चाक कुठे टेकलंय, पुढचं पाऊल कुठे, गाडी हलत नाही. हे जमेपर्यंत क्रॉलिंग म्हणजे काय ते मला कळलंच नव्हतं. आता त्याच कंपनीची फ्युजन मालिका लोकप्रिय आहे, त्यात ब्रशलेस मोटर आणि ईएससी एकाच नळकांड्यात येतात. कमी वेगात ती अजून लोण्यासारखी फिरते. पण पहिल्या गाडीला ब्रश मोटर आणि वेगळा ईएससी बरा. एक बिघडलं तर एकच बदलायचं.

पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला लागणारा मोठा) गिअर जुळवताना मध्ये कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून स्क्रू कसायचे, मग पट्टी फिरवून बाहेर काढायची. ती चुणीदार निघावी, फाटू नये.

सर्व्होच्या बाबतीत मात्र मनस्ताप झाला. पेटीवर ‘२५ किलो’ छापलेला एक स्वस्त सर्व्हो दोन दगडांच्या फटीत चाक अडकलं की थरथरत उभा राहायचा, आणि तेवढ्यात रिसीव्हरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. अडकलेला सर्व्हो प्रचंड करंट खेचतो, ईएससीमधल्या बीईसीला (रिसीव्हर-सर्व्होला वीज पुरवणाऱ्या भागाला) तो झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं. सर्व्हो खरंच ताकदवान हवा असेल तर त्याला वेगळा बीईसी द्या, थेट बॅटरीवरून. आणि सर्व्हो हॉर्न (सर्व्होच्या शाफ्टवर बसणारा हात) ॲल्युमिनियमचा, कडेने आवळणारा. इथे धातूला जागा आहे.

कुणी घ्यावं? ज्याला रविवारी खोकं उघडून संध्याकाळी चालवायचंय त्याने घेऊ नये, त्याच्यासाठी तयार गाड्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. लहान मुलासोबत पहिल्यांदाच बांधणार असाल तर चित्र नीट छापलेलं, पिशव्यांवर नंबर घातलेलं नावाजलेल्या कंपनीचं किट घ्या, मूल वैतागणार नाही. ज्याच्या घरी ॲलन कीचा चांगला संच, कानस, शिमची डबी आणि थोडा हट्टीपणा आहे, त्याने हे मागवावं.

मागवताना मागच्या ड्राइव्हशाफ्टच्या दोन-चार जास्तीच्या पिना आणि एक जोडी मधले कप सोबत घ्या. चढावर चाक फटीत अडकलं आणि थ्रॉटल दाबला की आधी वाकते ती हीच पिन, आणि किटमध्ये जास्तीची एकही येत नाही.