आवडत्या सिनेमांची लिस्ट शेअर करायची असेल तर लेटरबॉक्स्ड कसं आहे

कुणी अचानक "तुझे आवडते सिनेमे सांग" म्हटलं की जी नावं तोंडातून निघतात ती बऱ्याचदा आवडती नसतातच, सांगायला बरी दिसणारी असतात. म्हणून लिस्ट निवांत बसून एकदाच बनवावी आणि मग ज्याला हवी त्याला लिंक टाकावी या मताची मी आहे, आणि त्यासाठी लेटरबॉक्स्ड, म्हणजे पाहिलेल्या सिनेमांची नोंद, रेटिंग आणि लिस्ट ठेवायचं अ‍ॅप, वापरते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मॅथ्यू ब्यूकॅनन आणि कार्ल फॉन रँडो या दोघांनी 2011 मध्ये हे सुरू केलं, 2023 मध्ये टायनी नावाच्या कॅनेडियन कंपनीने 60 टक्के हिस्सा घेतला. मोबाईल अ‍ॅप आहे, वेबसाईट पण आहे, आणि लिस्ट बनवायला फुकटचं अकाउंट पुरतं.

आधी सगळ्यात गाजलेल्या गोष्टीबद्दल, म्हणजे प्रोफाइलवरचे चार फेव्हरिट. चारच पोस्टर लावता येतात. रेड कार्पेटवर नटनट्यांना माईक पुढे करून "तुमचे चार कोणते" विचारतात ते व्हिडिओ बघितलेच असतील, ते यांचेच. बघायला मजा येते पण खरं सांगू का, मला हा प्रकार अर्धाच पटतो. चार जागा म्हटल्या की माणूस पोज द्यायला लागतो, एक जुना ब्लॅक अँड व्हाइट, एक परदेशी, एक अ‍ॅनिमेशन आणि एक "बघा मला हलकंफुलकं पण आवडतं" टाईपचा, झाले चार! समोरच्याला तुमचा चॉइस कळत नाही, तुम्हाला कसं दिसायचंय ते कळतं.

खरा चॉइस दिसतो डायरीत. तिथे कुठला सिनेमा कुठल्या तारखेला पाहिला ते टाकायचं आणि आधी पाहिलेला असेल तर तशी खूण करायची. ही रीवॉचची खूण फार चहाडखोर आहे हं, कारण चार पोस्टरमध्ये भले महान दिग्दर्शक लटकत असोत, वर्षभरात परत परत कुठला लावला ते तिथे धडधडीत दिसतं. कुणाची लिस्ट आली की मी आधी त्याच्या डायरीत डोकावते.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे स्टार आणि हार्ट वेगळे ठेवलेत. रेटिंग अर्ध्या स्टारपासून पाच स्टारपर्यंत आणि हार्ट त्याच्या बाजूला स्वतंत्र. म्हणजे अडीच स्टार देऊन पण हार्ट देता येतं आणि पाच स्टार देऊन हार्ट न देता गप्प बसता येतं. चांगला सिनेमा वेगळा आणि आवडता सिनेमा वेगळा हे भांडण आपण गप्पांमध्ये तासन्‌तास घालतो ते इथे एका बटणात मिटलंय. आवडत्यांची लिस्ट बनवायची तर हार्टवाल्यांतूनच उचला, पाच स्टारवाल्यांतून उचलली तर ती परीक्षेच्या निकालासारखी दिसते.

आता मुख्य लिस्ट. नाव द्यायचं, वर चार ओळी लिहायच्या, नंबर हवेत की नकोत ते ठरवायचं, सगळ्यांना दिसू दे की फक्त आपल्याला ते ठरवायचं आणि सिनेमे टाकत जायचं. माझं म्हणणं नंबर टाकूच नका. साइट अँड साउंड हे ब्रिटिश मासिक 1952 पासून दर 10 वर्षांनी समीक्षकांना विचारून सर्वोत्तम सिनेमांची यादी काढतं, तिथे सुद्धा प्रत्येकाने 10 नावं द्यायची असतात आणि दहाही नावांना सारखंच मत, क्रम लागतो तो बेरजेतून. 2022 ला त्यात शांताल अकरमनचा 1975 चा 'जान दिलमान' पहिला आला, तीन तासांच्या वरचा सिनेमा, आणि त्यावरून केवढी वादावादी झाली. हजारांच्या वर समीक्षकांच्या बेरजेवर जर लोक एवढे चिडतात तर तुमच्या माझ्या सातव्या आठव्या नंबरला काय अर्थ आहे.

त्याऐवजी प्रत्येक सिनेमाच्या खाली नोट लिहायची सोय आहे ती वापरा, माझ्या मते या अ‍ॅपमधली सगळ्यात भारी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी गोष्ट हीच. नुसती शंभर पोस्टरची भिंत पाठवली तर कोण काय बघणार, पण "पहिला अर्धा तास सहन कर, पुढे उठवणार नाही" किंवा "एकटीनेच बघ, सोबत कुणी बोलणारं नको" एवढी एक ओळ असली तरी समोरचा खरंच लावतो. नोटमध्ये गोष्ट फुटत असेल तर स्पॉइलरची खूण करता येते, ती कराच प्लीज. आणि ज्याला लिंक पाठवली त्याचं पण अकाउंट असेल तर यातले किती पाहून झालेत ते त्याला तिथल्या तिथे दिसतं, मग उरलेले पूर्ण करायची खाज सुटते ती वेगळीच.

तक्रारी म्हणाल तर आहेत. फुकटात जाहिराती दिसतात, वर्षभरात काय किती पाहिलं त्याचे आकडे वगैरे नीट बघायचे तर प्रो नावाचं पैसे भरून मिळणारं अकाउंट घ्यावं लागतं, आणि प्रोफाइलवर आपल्या पसंतीचं पोस्टर हवं असेल तर त्याच्याही वरचं पॅट्रन, नुसती लिस्ट करणाऱ्याला दोन्हीची गरज नाही. सिनेमांची माहिती टीएमडीबी (द मूव्ही डेटाबेस) या दुसऱ्या वेबसाईटवरून येते, ती लोकांनीच भरलेली, त्यामुळे एखादा जुना दुर्लक्षित सिनेमा शोधला तर कधी पोस्टर नाही कधी कलाकार अर्धेच. तिथे जाऊन स्वतः भरता येतं, पण तेवढा पेशन्स हवा. आणि लाइक मोजायची सवय लागली की लिस्ट हळूहळू स्वतःची न राहता लोकांची होते, म्हणून माझी खरी लिस्ट मी प्रायव्हेटच ठेवलीये आणि लोकांना देते ती त्यातली निवडक.

सगळा डेटा सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती) उतरवून घेता येतो, सेटिंगमध्ये आहे ते ऑप्शन. अधूनमधून उतरवून ठेवा.